सशाची पिल्लं दूध तुटल्यावर का हगतात? फायबर आणि स्टार्चचा हिशोब टप्प्याटप्प्याने

दूध तुटून आठ-दहा दिवस होतात आणि पिल्लं हगायला लागतात. काल टुणटुण उड्या मारणारं पिल्लू सकाळी पोट फुगवून कोपऱ्यात बसलेलं असतं. मग दोष कुणाला, तर हवेला, ओल्या गवताला, पाण्याला, आणि काहीच सापडलं नाही तर नजरेला. खरं सांगायचं तर यातल्या बऱ्याच केसेसमध्ये घोळ आदल्या दोन आठवड्यांत झालेला असतो. खाद्य वाईट असतंच असं नाही, पण दाणा लवकर आलेला असतो, काडी कमी पडलेली असते आणि चार गोष्टी एकाच दिवशी बदललेल्या असतात.

खाली जे दिलंय ते साधारण 35 दिवसांच्या आसपास दूध तोडणाऱ्यांसाठी आहे. पाळीव म्हणून घरात ससा ठेवणारे बरेच जण पिल्लं आठ आठवडे आईजवळ ठेवतात, त्यांनी टप्पे तेच धरायचे, फक्त तारखा पुढे सरकवायच्या.

## आधी एवढं डोक्यात बसवा

ससा गवत जठरात पचवत नाही, सीकममध्ये पचवतो. सीकम म्हणजे लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथली मोठी पिशवी, आतड्या-पोटातला एकूण माल धरला तर जवळपास 40 टक्के या एकट्या पिशवीत असतो. तिथे जंतूंची वस्ती असते, ते फायबर आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि ती आम्लं सशाला ताकद देतात, शिवाय वाईट जंतूंना डोकं वर काढू देत नाहीत.

आता यातली गंमत बघा. सीकमच्या पुढचं आतडं चाळणीसारखं काम करतं, जाड कण (साधारण 0.3 मिलिमीटरच्या वरचे) पुढे जाऊन कडक लेंडी होऊन पडतात, आणि बारीक कण नि पाणी उलटं मागे सीकममध्ये ढकललं जातं. त्या बारीक मालाच्या नंतर मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या होतात ज्या ससा थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. पिल्लं हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू करतात.

म्हणजे जाड काडीचं पहिलं काम पोषण नाहीच, ढकलणं आहे. काडी कमी झाली की माल सीकममध्ये तुंबतो, जास्त वेळ पडून राहतो, आणि तुंबलेल्या मालात नको ते जंतू माजतात.

स्टार्चचं दुखणं वेगळं आहे. आईच्या दुधात स्टार्च जवळपास नसतोच, त्यामुळे पिल्लाच्या पोटाला तो पचवायची सवय नसते, स्वादुपिंडातून येणारं त्याचं एन्झाइम तीन आठवड्यांच्या पिल्लात अगदी कमी असतं आणि पुढचे कित्येक आठवडे हळूहळू वाढतं. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च सीकममध्ये पोचला की तिथे फटाफट आंबतो आणि जंतूंचं गणित बिघडतं. पण सगळं खापर स्टार्चवर फोडणंही बरोबर नाही. दाणा वाढवला की ताटातलं फायबर आपोआप घटतं, आणि माझ्या मते जास्त नुकसान या घटलेल्या फायबरनेच होतं. म्हणून दोन आकडे कायम जोडीने बघायचे.

## टप्पा 1: दूध तोडायच्या तीन आठवडे आधी, गोणीचं लेबल वाचा

बहुतेक जण प्रोटीनचा आकडा बघतात नि गोणी उचलतात. इथेच पहिली चूक. वाढत्या पिल्लासाठी आधी फायबर बघा.

लेबलवर साधारणपणे क्रूड फायबर लिहिलेलं असतं. हा जुन्या पद्धतीचा आकडा आहे, तो खरं फायबर कमी दाखवतो, कारण ती तपासणी करताना बरंचसं फायबर विरघळून जातं आणि मोजलंच जात नाही. एडीएफ म्हणून दुसरा आकडा असतो, त्यात सेल्युलोज आणि लिग्निन म्हणजे खरी काडी मोजली जाते. दोन्ही आकडे एकमेकांशी तुलना करू नका, क्रूड फायबर 15 म्हणजे एडीएफ साधारण 18-19 च्या घरात.

दूध तुटायच्या आसपासच्या खाद्यात, म्हणजे सहा आठवडे वयापर्यंत, हे आकडे पकडून चला:

- एडीएफ किमान 18-19 टक्के, किंवा लेबलवर क्रूड फायबर किमान 15-16 टक्के
- स्टार्च 14 टक्क्यांच्या आत
- प्रोटीन 15-16 टक्के, उगाच 18-20 च्या मागे लागू नका

प्रोटीनचं एक वाक्यात सांगतो. न पचलेलं जास्तीचं प्रोटीन सीकममध्ये गेलं की तिथे अमोनिया वाढतो आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंना आयतं जेवण मिळतं, त्यामुळे वजन वाढावं म्हणून वरून पेंड चारणं हा प्रकार या वयात बंद.

स्टार्च बऱ्याच गोण्यांवर छापलेलाच नसतो. मग घटकांची यादी बघा. यादीत पहिल्या दोनात मका, गहू किंवा तांदूळ असेल तर ती गोणी या वयाची नाही. पहिल्या दोनात लूसर्न (म्हणजे लसूणघास), वाळलेलं गवत किंवा बीटचा चोथा असेल तर बरं चिन्ह आहे.

सावधान: कोंबडीचं खाद्य कधीच नाही. फायबर कमी नि स्टार्च भरपूर हे तर आहेच, पण त्यात कधीकधी कोंबड्यांच्या कॉक्सिडियासाठी (आतड्यात वाढणारा बारीक परजीवी) घातलेली औषधं असतात आणि नरासिन, मॅदुरामायसिनसारखी त्यातली काही सशाला विषारी आहेत.

## टप्पा 2: ताटाचा हिशोब एकदा कागदावर करा

ही पायरी सगळे गाळतात, आणि मला वाटतं अख्ख्या लेखात हीच सगळ्यात कामाची आहे.

समजा तुमचे पेलेट (गोणीतलं दाबून केलेलं गोळीखाद्य) चांगले आहेत, क्रूड फायबर 16 टक्के, स्टार्च 14 टक्के. आता तुम्ही म्हणालात की थोडा मका भरडा टाकतो, किती तर 80 ग्रॅम पेलेटला 20 ग्रॅम. मूठभरच तर आहे. मक्यात स्टार्च साधारण 64 टक्के आणि क्रूड फायबर जेमतेम 2-2.5 टक्के. करा हिशोब:

फायबर: पेलेटमधून 12.8 ग्रॅम, मक्यातून अर्धा ग्रॅम, एकूण 13.3 टक्के.
स्टार्च: पेलेटमधून 11.2 ग्रॅम, मक्यातून 12.8 ग्रॅम, एकूण 24 टक्के.

एका मुठीने स्टार्च 14 चा 24 झाला आणि फायबर 16 चं 13 वर आलं. चांगल्या गोणीचे पैसे देऊन आपणच ती घरी बिघडवली, आणि मग गोणीलाच शिव्या.

कोंड्याबद्दल पण लोकांचा फार गैरसमज आहे. "मी फायबरसाठी कोंडा घालतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू पण येत नाही. गव्हाच्या कोंड्यात क्रूड फायबर साधारण 10 टक्के असतं, म्हणजे पेलेटपेक्षा कमी, शिवाय त्यात 20 टक्क्यांच्या आसपास स्टार्चही असतो. चांगल्या पेलेटमध्ये कोंडा मिसळलात तर फायबर वाढत नाही, घटतं. कोंडा वाईट नाही, खाद्य बनवणारे वापरतातच, पण तो काडीची जागा घेऊ शकत नाही.

आणि फायबर म्हणजे एकच वस्तू नाही हे पण बघा. दोन प्रकार आहेत. एक कडक, लिग्निन-सेल्युलोजवालं, जे गवताच्या काडीत नि भुश्यात असतं, ते न पचता ढकलायचं काम करतं. दुसरं मऊ, सहज आंबणारं, जसं बीटच्या चोथ्यात किंवा फळांच्या चोथ्यात, ते सीकममधल्या चांगल्या जंतूंचं जेवण आहे. दोन्ही लागतात. नुसता भुसा चारलात तर पिल्लू पोट भरून उपाशी राहील, नुसता चोथा चारलात तर ढकलणारं काही नाही. त्यातल्या त्यात लूसर्न आणि गवत यांचं मिश्रण सोपं पडतं, कारण दोन्ही प्रकार त्यात असतात.

चेक: ताटात जे जे पडतं ते सगळं, अगदी लाडाने दिलेलं गाजर, केळं, पोळीचा तुकडा धरून, कागदावर आलंय का? नसेल तर हिशोब अपुरा आहे.

## टप्पा 3: सामान जमवा

तराजू हवाच, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचनचा काटा पुरतो. एक वही. गवतासाठी जाळीचा रॅक, कारण जमिनीवर टाकलेलं गवत पिल्लं तुडवतात, त्यावर हगतात आणि मग तेच खातात.

गवत वास घेऊन घ्या. गोड, कोरडा वास हवा. कुबट वास, पांढरी-काळी बुरशी किंवा झटकल्यावर धूर निघाल्यासारखी धूळ असेल तर परत. ससा बुरशीच्या विषांना, त्यात पण अफ्लाटॉक्सिनला, फार नाजूक जनावर आहे.

पेलेट साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाडीचे असावेत. भुगा चाळून काढा, भुग्याने पिल्लं शिंकतात आणि तसाही भुगा म्हणजे बारीक माल, तो सरळ सीकममध्ये जाऊन बसतो. याच कारणाने घरी खाद्य बनवणाऱ्यांनी गवताचं पीठ करू नये. कागदावर फायबर 18 दिसतं आणि आतड्याला मात्र ढकलायला काही मिळत नाही, असा प्रकार होतो. लांब गवत वेगळं दिलंत की हा प्रश्न बराचसा सुटतो.

दूध तुटण्याच्या काळात पुरेल इतकं एकाच लॉटचं खाद्य आधीच आणून ठेवा, किमान पाच आठवड्यांचं. मधेच गोणी संपून दुसरी आणणं हा फार कॉमन घोळ आहे.

## टप्पा 4: दिवस 18 ते 30, आईजवळ असतानाच शिकवा

पिल्लांचे डोळे 10-11 दिवसांना उघडतात, अठरा-वीस दिवसांना ती पेटीतून बाहेर येऊन आईच्या ताटात तोंड घालतात. इथूनच त्यांचं सीकम घडायला लागतं. दूध अजून चालू असतं, आई दिवसातून साधारण एकदाच, तेही काही मिनिटं पाजते, पण त्या दुधाचं संरक्षण असतं. तर नवीन काही शिकवायचं असेल तर ते आत्ता.

1. अठराव्या दिवसापासून पिल्लांच्या तोंडाच्या उंचीवर वाळलेलं गवत लावा. आधी खेळतील, चावून टाकतील, टाकू दे.
2. वीस-एकविसाव्या दिवसापासून जे पेलेट दूध तुटल्यावर देणार आहात तेच त्यांच्या वेगळ्या ताटलीत थोडे थोडे. रोज ताजे, कालचे उरलेले काढून टाका.
3. पाण्याचं निपल पिल्लांच्या उंचीला आहे का बघा, बोटाने दाबून थेंब येतो का बघा.

आता अडचण ही की दूध पाजणाऱ्या मादीला जास्त ताकदीचं खाद्य लागतं, त्यात स्टार्च थोडा जास्त असतो, आणि पिल्लं नेमकं आईच्याच ताटात जातात. अठराव्या दिवसापर्यंत आईला तिचं खाद्य द्या, त्यानंतर शक्य असेल तर आईलाही पिल्लांचंच खाद्य हळूहळू चालू करा. आई थोडी बारीक होईल, पण पिल्लांची पोटं वाचतील. ज्यांना मादी लगेच परत लावायची असते त्यांना हे पटत नाही, मग त्यांनी आईचं ताट उंचावर लावावं, दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

चेक (दिवस 28): सगळी पिल्लं पेलेट खातायत का? गवत ओढतायत का? पाणी पितायत का? पिंजऱ्याखाली बारक्या गोल लेंड्या दिसतायत का? एखादं पिल्लू फक्त दुधावर असेल तर त्याला आणखी आठवडा आईजवळ राहू द्या, तारखेपेक्षा पिल्लू बघा.

## टप्पा 5: दूध तोडायचा आठवडा, एका वेळी एकच बदल

मी एकदा काय केलं, एकाच सकाळी दूध तोडलं, पिल्लं नवीन पिंजऱ्यात टाकली, दोन वेतांची पिल्लं एकत्र केली आणि जुनी गोणी संपली म्हणून नवीन फोडली. सगळी कामं एका दिवसात उरकली याचा आनंद पण झाला होता. नवव्या दिवशी पहिलं पिल्लू गेलं आणि पुढच्या चार दिवसांत पाच. तेव्हापासून हा क्रम पाळतोय:

1. आई उचला, पिल्लं नाही. पिल्लं त्याच पिंजऱ्यात, त्याच वासात राहू देत.
2. खाद्य तेच. पेलेट तेच, गवत तेच, पाणी तेच.
3. भावंडं एकत्रच. दोन वेतांची मिसळामिसळ, लसीकरण, कानात नंबर मारणं हे सगळं दूध तुटल्याच्या दिवशी नाही.
4. पिंजरा बदलायचाच असेल तर सात-आठ दिवसांनी.

सावधान: दूध तुटलं म्हणून "आता पोटभर खाऊ दे" असं म्हणून ताट भरून ठेवू नका. हाच पुढचा टप्पा आहे.

## टप्पा 6: पहिले दोन-तीन आठवडे, पेलेट मोजून आणि गवत न मोजता

दूध तुटल्यावर पिल्लांची भूक झपाट्याने वाढते आणि पोट त्या वेगाने तयार होत नाही. या काळात पोटभर खाणाऱ्या पिल्लांपेक्षा 20-25 टक्के कमी खाद्य मिळालेल्या पिल्लांमध्ये हगवण आणि मर कमी राहते, हे बऱ्याच वेळा तपासून झालेलं आहे. सुरुवातीला वजन थोडं मागे राहतं, पण नंतर पोटभर मिळायला लागलं की ती बरीचशी भरपाई करतात, आणि खाल्लेल्या किलोमागे वाढ उलट चांगली मिळते.

कसं मोजायचं? दूध तोडल्यावर पहिले दोन दिवस ताट भरून नाही पण संपणार नाही इतकं ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं वजन करा. समजा आठ पिल्लांनी 480 ग्रॅम खाल्लं, म्हणजे डोक्याला 60. त्याचे 80 टक्के म्हणजे 48 ग्रॅम. तिसऱ्या दिवसापासून 48 द्या. मग दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवा, कारण पिल्लू वाढतंय, तेच 48 तीन आठवडे ठेवलं तर ती उपासमार झाली. वजन रोज साधारण 30-40 ग्रॅम वाढत असेल (मध्यम जातीत) तर बरोबर चाललंय, पहिल्या आठवड्यात त्याच्या जरा खाली असलं तरी घाबरू नका.

इथे दोन गोष्टी विसरल्या तर सगळं उलटं होतं. एक, मोजून द्यायचं तेव्हा सगळ्या पिल्लांना एकाच वेळी तोंड घालता येईल इतकी जागा ताटाला हवी, नाहीतर दांडगी दोन पिल्लं सगळ्यांचं खातात, त्यांचं पोट फुगतं आणि किरकोळ पिल्लं उपाशी, आणि तुम्ही म्हणता मोजून देऊन पण काही फरक नाही. दोन, गवत आणि पाणी चोवीस तास समोर. रॅक रिकामा सापडला तर तो दिवस वाया.

पाण्याला मोजमाप नाही. ससा कोरड्या खाद्याच्या दीडपट ते दुप्पट पाणी पितो, पाणी बंद झालं की खाणं बंद होतं, खाणं बंद झालं की आतडं बंद. मग निपल सुरू झाल्यावर भुकेलेलं पिल्लू अधाशासारखं खातं, आणि तिथून हगवण. निपल रोज दाबून बघायला दहा सेकंद लागतात.

हिरवा पाला? दूध तुटायच्या आधी सवय होती तर तोच पाला, तेवढाच, चालू ठेवा. सवय नव्हती तर पहिले दोन आठवडे नको, नंतर एक प्रकार, चिमूटभर, तीन दिवस लेंड्या बघून वाढवा. ढीग करून ठेवलेला, आतून गरम झालेला पाला मात्र कधीच देऊ नका.

चेक (रोज): दिलेले पेलेट किती वेळात संपले ते लिहा. कालपर्यंत सहा तासांत संपत होते आणि आज दहा तास झाले तरी आहेत, तर हगवण दिसायच्या आधीची सूचना मिळाली समजा.

## टप्पा 7: लेंड्या वाचायला शिका

सकाळी पिंजऱ्याखाली बघितल्याशिवाय चहा नाही, अशी सवय लावा.

गोल, कोरड्या, सारख्या आकाराच्या आणि फोडल्यावर आत गवताचे तुकडे दिसणाऱ्या लेंड्या म्हणजे सगळं ठीक.

लेंड्या बारीक, काळपट, कमी झाल्या तर काडी किंवा पाणी कमी पडतंय. याच वेळी गवत वाढवलं तर बहुतेकदा पुढचं टळतं.

मऊ चिकट घोस तसेच पडून आहेत, पिल्लाच्या मागे चिकटलेत, पण कडक लेंड्या पण नीट आहेत, तर ही हगवण नाही. पिल्लू मऊ लेंड्या खाऊन संपवत नाहीये, म्हणजे ताट जास्त श्रीमंत झालंय, दाणा-प्रोटीन कमी करा. याला हगवण समजून औषध पाजणं ही नेहमीची चूक.

पाण्यासारखं, घाण वासाचं, किंवा जेलीसारखा चिकट शेंबूड पडला आणि कडक लेंडी एकही नाही, तर ही खरी भानगड. सोबत दात खाणं, पाठ काढून बसणं, पोटात गुडगुड, फुगलेलं पोट. यात सकाळची संध्याकाळ करायची नसते.

एक मोठी गोष्ट सांगायची राहिली. कॉक्सिडिया. याच वयात, अशीच हगवण, आणि फायबर कितीही वाढवलं तरी तो जात नाही. दोन-तीन पिल्लांना त्रास झाला की ताज्या लेंड्यांचा नमुना पशुवैद्यकाकडून मायक्रोस्कोपखाली तपासून घ्या. त्याची अंडी लेंडीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याइतकी पिकायला दिवसभर किंवा जास्त लागतो, म्हणून रोजची सफाई आणि जमिनीपासून वर लावलेला रॅक या दोन गोष्टी खूप काम करतात.

## टप्पा 8: सहा-सात आठवड्यांच्या वयानंतर स्टार्च वाढवायचा असेल तर

आता पोट बऱ्यापैकी तयार असतं. वजन वाढवायचं खाद्य द्यायचं असेल तर स्टार्च 18 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, पण एडीएफ 17 च्या खाली जाऊ देऊ नका. सगळे नेमकं इथेच सैल सोडतात, दाणा वाढवतात आणि गवताचा रॅक काढून टाकतात.

1. खाद्य बदल 8-10 दिवसांत. पहिले तीन दिवस एक चतुर्थांश नवीन, पुढचे तीन दिवस अर्धं, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण.
2. कुठल्याही दिवशी लेंड्या बिघडल्या तर एक पायरी मागे, आणि तीन दिवस तिथेच थांबा.
3. दाणा वरून द्यायचाच असेल तर ओट्स त्यातल्या त्यात बरे, सालीसकट फायबर जास्त आणि स्टार्च मक्या-गव्हापेक्षा कमी. मक्याचा स्टार्च लहान पिल्लाच्या पोटात जव-गव्हाच्या स्टार्चपेक्षा कमी पचतो, त्यामुळे जास्त सीकममध्ये पोचतो. तरी लोक पहिला मकाच देतात.

घरात पाळायचा ससा असेल तर हा टप्पा सोडूनच द्या. त्याला जाडं करून काय मिळवायचंय. त्याला गवत भरपूर, पेलेट मोजके, आणि सहा-सात महिन्यांनंतर लूसर्नवरून साध्या गवतावर आणा, कारण लूसर्नमध्ये कॅल्शियम जास्त असतं.

## टप्पा 9: तरी हगवण लागलीच तर

1. आजारी पिल्लू वेगळं करा, उबदार कोरड्या जागी.
2. दाणा, गोड, फळ, पाला बंद. गवत आणि पाणी समोरच ठेवा. पूर्ण उपाशी ठेवणं हा उपाय नाही, सशाला उलटी होत नाही आणि आतडं रिकामं थांबलं की परत चालू करणं अवघड. बारा तास काही न खाल्लेलं पिल्लू म्हणजे इमर्जन्सी.
3. पशुवैद्यकाकडे त्याच दिवशी. पाणी कमी झालेलं पिल्लू काही तासांत जातं, त्याला कातडीखाली सलाईन लागतं.
4. पोट ढोलासारखं टणक असेल तर तोंडाने जबरदस्तीने काही भरवू नका.
5. मागे राहिलेल्या ठीक पिल्लांचे पेलेट त्याच दिवशी एक तृतीयांशने कमी करा आणि रॅक भरा.

सावधान: घरातली अँटिबायोटिकची गोळी कुटून पाण्यात टाकू नका. तोंडाने दिलेलं पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन सीकममधले चांगले जंतू मारतं, मागे क्लॉस्ट्रिडियमला मोकळं रान मिळतं आणि हगवणीने वाचलं असतं ते पिल्लू औषधाने जातं.

पिल्लू सावरलं की घाई होते, "बिचारं अशक्त झालंय" म्हणून लोक भरडा घालतात आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. कडक लेंड्या सलग दोन-तीन दिवस पडू देत, मग जुन्या मापाच्या एक चतुर्थांश पेलेटने सुरुवात, दर दोन दिवसांनी थोडे वाढवत आठवडाभरात पूर्ण मापावर या. वहीत त्या पिल्लापुढे दोन आठवडे मागचं सगळं लिहून काढा: गोणी कधी फोडली, पाणी कधी बंद पडलं होतं, गवत कुठल्या दिवशी संपलं होतं, कुणी लाडाने काय चारलं. पुढच्या वेताचं दूध तोडायच्या आधी ते पान उघडून बघा.